श्रीमंत गहूराव यांच्या सेवेशी

श्रीमंत राजमान्य राजेश्री गहूराव ग्लुटेनराव यांसी,
मुक्काम चपाती, तालुका कँटीन, जिल्हा जिथं जावं तिथं.

चाकण एमआयडीसीतल्या एका क्वालिटी इन्स्पेक्टर बाईचा कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. ‘इकडील सर्व क्षेम’ असं लिहायची पद्धत आहे. आज ती पाळता येत नाही, माफी असावी.

पत्रास कारण की, उद्या सकाळी आठ वाजता चिंचवडच्या एका दवाखान्यात माझ्या घशातून दुर्बीण आत जाणार आहे. गेली चार वर्षं आपण आत बसून जे काम केलंत त्याची पाहणी व्हायची आहे. पाहणी आपल्या कर्तृत्वाची आणि आमंत्रण आपल्यालाच नाही, हे खानदानी पाहुण्याच्या बाबतीत बरं दिसत नाही. शिवाय शिमगा नुकताच झालाय. शिमगा गेला तरी कवित्व उरतं म्हणतात, ते माझ्याकडे थोडं शिल्लक आहे.

सर्वप्रथम वजनाबद्दल आभार. आमच्या यमुनानगरातल्या बायका त्यासाठी पहाटे उठतात, पैसे भरतात, उसासे टाकतात. मला आपण घरबसल्या करून दिलंत. एकसष्टाची मी एकोणपन्नासवर आले. लिफ्टमध्ये बायका विचारायच्या, “कुठलं डाएट गं?” मी सांगायचे, “काही नाही, दोन वेळा चपाती-भाजी.” त्यांना वाटायचं, ही लपवतेय. एक अक्षर खोटं नव्हतं हो त्यात.

दुसरे आभार रक्ताबद्दल. मी राहते लोखंडाच्या मुलखात. पिंपरीपासून चाकणपर्यंत जिकडे बघावं तिकडे लोखंड ओततात, कापतात, ठोकतात, घासतात. आमच्या कंपनीत ब्रेकचे पार्ट बनतात आणि ते सगळे माझ्या टेबलावरून पुढं जातात. एवढं लोखंड डोळ्यांखालून जाऊन अंगात मात्र ठरेना. हिमोग्लोबिन ७.८. गोळ्या झाल्या, खजूर झाला, बीट झालं, भाजी लोखंडी कढईत झाली, चपात्या तर पहिल्यापासून बिडाच्या तव्यावर. सलाइनमधून लोह चढवलं की दोन महिने बरं, पुन्हा जैसे थे. पुढं कळलं की लहान आतड्याच्या सुरुवातीच्या ज्या वीतभर भागात लोह शोषलं जातं, नेमका तोच भाग आपण राहायला घेतला होतात. जागेची पारख असावी तर अशी.

त्या काळात जे जे डॉक्टर भेटले त्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं: बायकांना असतंच.

आमच्या कामात एक पद्धत आहे, आपल्याला ठाऊक असावी. कँटीनमध्ये आपण रोज ऐकत असालच. लाईनवर खराब नग आला की पाच वेळा ‘का?’ विचारायचं. व्हाय-व्हाय ॲनालिसिस म्हणतात त्याला. मी ती पद्धत दवाखान्यात नेली. पोट का फुगतं? गॅसमुळे. गॅस का होतो? ॲसिडिटीमुळे. ॲसिडिटी का? टेन्शनमुळे. टेन्शन का? नोकरीमुळे. नोकरी का? या पाचव्या ‘का’ला डॉक्टरांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे होतं, घराचा हप्ता.

क्वालिटीतला कोणीही माणूस सांगेल, ज्या रिपोर्टमध्ये ‘कारण: ऑपरेटरचं दुर्लक्ष, उपाय: ऑपरेटरला समज दिली’ असं लिहिलेलं असतं तो रिपोर्ट कस्टमर तोंडावर फेकतो. कारण सापडलं नाही की ऑपरेटर सापडतो. माझ्या चार वर्षांच्या फाइलमध्ये पानोपानी हेच आहे. कारण: पेशंटचं टेन्शन. उपाय: पेशंटला समज दिली.

अर्थात डॉक्टरांना तरी किती बोल लावू? बाहेर बाकावर चाळीस माणसं, त्यातली तीस पोट धरून बसलेली. त्यात आपण पडलात बहुरूपी. एका घरी जुलाब होऊन येता, दुसऱ्या घरी उलट बद्धकोष्ठ होऊन. कुठं तोंडातले फोड, कुठं नुसताच थकवा, कुठं हाडं ठिसूळ, कुठं मूल न राहणं. एखाद्याकडे तर पोटाची काही तक्रारच नसते, नुसतं रक्त कमी. दारात उभा राहिलेला पोलिस खरा की बहुरूपी, हे ओळखायला घरच्या माणसाला सवड तर हवी.

आता आपल्या एका चुकीबद्दल लिहिते. आपल्याकडून चूक झाली हे ऐकून वाईट वाटेल, पण झाली खरी. चूक म्हणजे नवरात्र.

मी नऊ दिवसांचे उपवास धरते. भगर, साबुदाणा, राजगिरा, शेंगदाण्याची आमटी. इतर बायकांना साबुदाण्यानं जळजळते, मला पाचव्या दिवसापासून चक्क बरं वाटायला लागलं. पोट सपाट, डोकं हलकं, दुपारी टेबलावर झोप नाही. सासूबाई म्हणाल्या, “आईची कृपा.” मीही हात जोडले. गंमत बघा, तेव्हा आपण समोरच होतात. घटाच्या मातीत पेरलेले, हळद घातलेल्या पाण्यावर वाढलेले, पिवळट हिरवे, बोटभर. रोज सकाळी मी आपल्यालाच पाणी घालत होते आणि बरं वाटल्याचं श्रेय दुसरीकडे देत होते. दसऱ्याला तेच तुरे नवऱ्याच्या टोपीत खोचले, मुलांच्या कानांवर ठेवले आणि श्रीखंड-पुरीला बसलो. चार पुऱ्या खाल्ल्या. रात्री साडेदहापासून पहाटे चारपर्यंत मी कुठं होते ते आपल्याला सांगायला नको.

सलग तीन वर्षं असं झालं. तीन वर्षं! लाईनवर एकच दोष तीनदा आला असता तर मी प्लांट हेडपर्यंत मेल टाकला असता. स्वतःच्या पोटाच्या बाबतीत मात्र मी ‘श्रीखंड जड पडलं’ असं लिहून विषय मिटवत राहिले.

आपल्याला जुना किस्सा आठवत असेल. हॉलंडमधला, हेगच्या बालरुग्णालयातले डॉक्टर विलेम-कारेल डिके. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या शेवटी, तिकडे अन्नाची नाकेबंदी झाली. पाव मिळेना, माणसं ट्यूलिपचे कंद उकडून खायला लागली. भली भली माणसं खंगत चालली, आणि डिकेंच्या दवाखान्यातली पोट बिघडून मरणाला टेकलेली काही पोरं त्याच उपासमारीत सुधारायला लागली. युद्ध संपलं, पाव परत आला, पोरं परत आजारी. डिकेंना गव्हाचा संशय आधीपासून होता, आता खात्री झाली. १९५० साली त्यांनी तो प्रबंधात मांडला. त्या माणसाला एक दुष्काळ पुरला, मला तीन नवरात्रं लागली.

त्याआधी लंडनच्या सॅम्युअल गी यांनी १८८८ साली या दुखण्याचं चोख वर्णन केलं होतं आणि बरं व्हायचं तर ते आहारानंच, असंही म्हटलं होतं. पण गुन्हेगार हाती लागला नाही. त्यांच्या एका लहान पेशंटला रोज भांडंभर शिंपल्या खायला घातल्या, तर पोर सुधारलं. शिंपल्यांचा हंगाम संपला, पोर पुन्हा खंगलं. शिंपल्यांचं सगळ्यांनी कौतुक केलं; त्या खाताना पोराच्या पानात काय नव्हतं, इकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. आपली गुप्त राहण्याची कला अशी जुनी आहे.

माझ्याकडे आपलं नाव प्रथम घेतलं ते कुठल्या डॉक्टरनं नाही. आमच्या सीएनसीवर रोहतककडचा एक पोरगा आहे. मी जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून बसले होते. तो म्हणाला, “मॅडम, हमारे उधर इसको गेहूँ की एलर्जी बोलते हैं. मेरे भतीजे को है. टीटीजी करा लो.” वीस सेकंदांत. नगाला हात न लावता.

त्याचं एक चुकलं. ही ॲलर्जी नव्हे. आपल्यातलं ग्लुटेन आत गेलं की माझ्या शरीरातली संरक्षणाची फौज त्याला शत्रू समजते आणि त्याच्या नादात माझ्याच आतड्यावर गोळीबार करते. आतड्याला आतून लव असते, शाळेत ‘रसांकुर’ म्हणून शिकलो होतो. अन्नातलं सत्त्व तीच टिपते. ती झडते, झिजते आणि शेवटी सपाट होते. आमच्या चाकण-खेडकडे टेकडीला जेसीबी लावून प्लॉट पाडतात ना, तसं. आपण बिचारे नुसते येऊन बसता. घर पाडायचं काम घरचीच माणसं करतात. या निर्मळ हातांबद्दल आपलं अभिनंदन.

पण पोरगा रोहतकचा निघावा यात नवल नाही. २०१६ साली एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष छापून आले. उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातली मिळून तेवीस हजारांवर माणसं तपासली होती. उत्तरेत आपला प्रसाद १.२३ टक्के लोकांना, ईशान्येत ०.८७, दक्षिणेत अवघा ०.१० टक्का. ज्यांच्यामुळे हे दुखणं होऊ शकतं ती जनुकं तिन्हीकडे साधारण तीनात एकाकडे, म्हणजे दाराची कडी सगळीकडे सारखीच सैल. फरक पाहुण्याच्या येण्याजाण्यात. उत्तरेत माणशी रोजचे ४५५ ग्रॅम गहू, दक्षिणेत २५. (ईशान्येत ३७ ग्रॅमच, तिथलं गणित यात बसत नाही. तिथं आपण काय युक्ती केलीत ते आपणच जाणे.) महाराष्ट्र या पाहणीत नव्हता. आम्ही मध्येच; एका हातात चपाती, दुसऱ्या हातात भात.

आमच्याकडे आपण तसे उशिरा आलात. माझी आजी शिरूरकडची. तिच्या घरी रोज बाजरीची नाहीतर ज्वारीची भाकरी, चपाती सणाला आणि जावयाला. १९६६ साली मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचं १८,००० टन बियाणं देशात आलं आणि पुढं आपलं साम्राज्य पसरलं. त्यानं लोकांची भूक भागली, ते पुण्य आपल्या खात्यावर आहे, मी नाकारत नाही. पण हळूहळू भाकरी म्हणजे गरिबी आणि चपाती म्हणजे सुधारणा असं होऊन बसलं. मुलीच्या डब्यात भाकरी दिली तर ती झाकण अर्धवट उघडून खाते. एवढी प्रतिष्ठा एका धान्याला लाभावी! आजी मात्र चौऱ्याऐंशीव्या वर्षापर्यंत भाकरी चावत होती.

असो. त्या पोरानं नाव सांगितल्यावर मी उतावळी झाले. दिवाळी संपली आणि दुसऱ्या दिवसापासून आपल्याला घराबाहेर काढलं. निदान मला तसं वाटलं.

ज्वारी घेऊन गिरणीत गेले. काकांना विचारलं, “आधी कोणाचे गहू दळलेत का?” ते हसले. म्हणाले, “ताई, पहिली मूठ मागच्याची, शेवटची मूठ तुमची. गिरणीत असंच असतं.” आमच्या धंद्यात एका लॉटचा एक नग दुसऱ्या लॉटमध्ये सापडला तर अख्खी ट्रॉली लाल टेप लावून बाजूला ठेवतात. आम्ही खराब मालही पीपीएममध्ये मोजतो, दहा लाख नगांत किती. आपलं मोजमापही त्याच मापानं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ छापायचं तर आतलं ग्लुटेन किलोला २० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. २० पीपीएम! आणि गिरणीत पहिली मूठ मागच्याची.

मग पोट बिघडलं म्हणून आईकडे गेले. आईनं आजारी माणसाला द्यायचं ते दिलं, मऊ भात, तूप आणि वर मेतकूट. लहानपणी तापातून उठल्यावर तीच चव जिभेला पहिली कळायची. तीन दिवस तेच खाल्लं आणि पोट काही थांबेना. चौथ्या दिवशी आईला सहज विचारलं, मेतकुटात काय काय घालतेस. ती बोटांवर मोजत सांगायला लागली, हरभऱ्याची डाळ, तांदूळ, उडीद, मूठभर गहू, सुंठ, हळद, हिंग. मूठभर गहू. आणि बांधणीच्या हिंगातही बहुतेक वेळा मैदाच असतो, म्हणजे हिंगाच्या वासाआड आपली दुसरी हजेरी. आजाऱ्याच्या ताटात एवढी लीन सेवा द्यावी आणि श्रेयही घेऊ नये, याला मन मोठं लागतं. आईचा चेहरा मात्र उतरला. तिला मी तीन वेळा सांगितलं की तुझं काही चुकलं नाही. अजून ती मेतकुटाची बरणी माझ्यासमोर काढत नाही.

थालीपिठाच्या भाजणीत आपण. सोया सॉसमध्ये आपण. कंपनीत सत्यनारायण झाला, द्रोणात शिरा म्हणून आपण. “प्रसादाला नाही म्हणू नये,” असं ज्यांनी सांगितलं त्यांना नाही म्हणाले, तेव्हापासून पर्चेसमधल्या वहिनी माझ्याशी मोजकंच बोलतात.

आणि आपले चुलते खपलीराव! त्यांचा पत्ता मला एकूण अकरा जणांनी दिला. “साधा गहू चालत नसेल तर खपली खा, खपलीत ग्लुटेन नसतं.” असतं हो. खपली हा गहूच. चवीला उत्तम, लापशीला त्याच्यासारखा दुसरा नाही, पण आतडं त्याचं आडनाव बरोबर ओळखतं. या विषयातला माणूस भेटेपर्यंत मी त्याच्याही दोन किलोची भाकरी केली, तेही आभार यातच धरावेत.

तरीही दोन महिन्यांत मला बरंच बरं वाटलं. आता निकाल हातात हवा म्हणून ऐटीत लॅबमध्ये जाऊन टीटीजीची रक्ततपासणी करून आले. रिपोर्ट निगेटिव्ह. ज्यांनी तो वाचला त्यांनी मान हलवली, “तुम्हाला काही नाही, मॅडम. इंटरनेटवर कमी वाचा.”

नंतर ज्या पोटाच्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी रिपोर्ट उघडण्याआधी एक प्रश्न विचारला. “सध्या गहू खाता?” मी अभिमानानं म्हटलं, दोन महिने झाले, बंद. त्यांनी पेन खाली ठेवलं. “मग यात दिसणार काय? चोर दोन महिन्यांपूर्वी गावाला गेला, तुम्ही आज ठसे घ्यायला आलात.”

गहूराव, आपल्या बुद्धीला मी इथं खरोखर दंडवत घातलं. हात जोडून, एकटीनं, लिफ्टमध्ये. आपण खाल्ले जात असाल तरच रक्तात आपल्या विरुद्धची साक्ष मिळते. सोडलं की ती साक्ष हळूहळू पुसली जाते, आतडंही भरून यायला लागतं आणि पेशंट खोटारडा ठरतो. म्हणजे आपल्यावर गुन्हा नोंदवायचा तर आधी आपल्याला घरात घ्यायचं, पाट मांडायचा, वाढायचं, आग्रह करायचा. जगात दुसरा कोणी आरोपी आहे का, ज्याच्या अटकेसाठी फिर्यादीनं त्याला सात आठवडे जेवायला घालावं?

तेव्हा मुहूर्त धरला संक्रांतीचा. तीळगूळ वाटला आणि गूळपोळीनं आपलं स्वागत केलं. रोज दोन वेळा, न चुकता, किमान सहा आठवडे, असा डॉक्टरांचा हुकूम. सकाळी डब्यात दोन चपात्या, रात्री दोन. औषधासारख्या मोजून. मुलगी विचारायची, “आई, दुखतं तर खातेस कशाला?” तिला म्हटलं, “पुरावा गोळा करतेय.”

या सात आठवड्यांत आपण मला माझ्या कंपनीची नव्यानं ओळख करून दिलीत. लाईनवरून उठायचं तर रिलिव्हर लागतो. जागेवर दुसरं माणूस उभं राहिल्याशिवाय हलता येत नाही, नग साचतात. रिलिव्हर एक आणि टेबलं सहा. पहिल्या आठवड्यात हात वर करून बोलावायचे. तिसऱ्या आठवड्यात त्या मुलीला माझा चेहरा बघूनच कळायला लागलं. ती हातातली चहाची कपबशी तशीच ठेवून पळत यायची. तिला माझं दुखणं ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, मला दिवस गेलेत. एकदा हळूच कैरी आणून दिली.

आणि कंपनीची बस. निगडीहून स्पाइन रोड, मोशी, चिंबळी फाटा, कुरुळी, चाकण. कागदावर एवढंसं अंतर. एका संध्याकाळी चाकणमधून निघालो, तळेगाव चौकातच चाळीस मिनिटं गेली, पुढं कंटेनर आडवा. खिडकीच्या दांडीवर कपाळ टेकवून मी समोरच्या ट्रकच्या मागं लिहिलेली अक्षरं मोजत होते. एकवीस अक्षरं होती. पुन्हा मोजली, एकवीसच. शेवटी ड्रायव्हर काकांना म्हटलं, “काका, त्या हॉटेलपाशी थांबवा.” ते म्हणाले, “ताई, थांबलोच आहोत की.” मी उतरले आणि पळाले. परत आले तेव्हा बस जागची हलली नव्हती. पस्तीस माणसं खिडकीबाहेर बघत होती, इतक्या शहाणपणानं की एकानंही माझ्याकडे पाहिलं नाही. त्या दिवशी, अरे नीचा, मला वाटलं की तुला मुळासकट

क्षमा असावी. एकेरीवर आले. सासरी असं चालत नाही.

सहाव्या आठवड्यात पुन्हा रक्त दिलं. या वेळी टीटीजी मर्यादेच्या आठपट. कागद हातात घेऊन मी लॅबच्या पायऱ्यांवर बसले आणि हसत सुटले. बाहेरचा रिक्षावाला म्हणाला, “ताई, गुड न्यूज का?” म्हटलं, “हो.” चार वर्षं ‘टेन्शन’ म्हणून जगलेल्या बाईला आपण आकड्याची बाई केलंत. माझ्यासारख्या क्वालिटीवालीला यापेक्षा मोठं काय द्याल?

आता राहिली दुर्बीण. मोठ्या माणसाचा निकाल पक्का करताना आतड्याचे चार-पाच बारीक तुकडे काढून तपासतात. घरी मी सहज म्हणून गेले की उद्या तुकडा काढणार आहेत. सासूबाईंचा लाटणं धरलेला हात थांबला. “तुकडा म्हणजे... ते का गं?” त्यांना तो शब्द उच्चारवेना. आमच्याकडे तुकडा तपासायला पाठवला म्हणजे एकच आजार. मी समजावून सांगितलं तेव्हा त्या मटकन खाली बसल्या आणि म्हणाल्या, “एवढंच ना? मग नको खाऊस गहू!” आळंदीला नारळ बोलून ठेवला होता, तो मात्र द्यायचाच म्हणतात.

एवढंच. औषध नाही, गोळी नाही, ऑपरेशन नाही. पेनिसिलिनच्या कारखान्यानं ओळखली जाणारी पिंपरी हाकेच्या अंतरावर, पण आपल्यावर इलाज म्हणजे आपल्याला जन्मभर दाराबाहेर ठेवणं. हिंगातूनही, मेतकुटातूनही, गिरणीतल्या पहिल्या मुठीतूनही. मावळात माहेर असलेल्या जाऊबाईंनी इंद्रायणी तांदळाचं पोतं आधीच पाठवलंय. घरघंटीचे भाव काढलेत. तिच्यात फक्त ज्वारी, बाजरी, नाचणी पडेल. तेव्हा आपली-माझी ही बहुतेक अखेरची सोबत.

निरोप रीतीप्रमाणे दिलाय. परवा होळीला पुरणपोळी केली, तुपात बुडवून दोन खाल्ल्या. आणि आज रात्री साडेआठला सासूबाईंनी स्वतः एक चपाती लाटली, छान फुगली होती, ती वाढली. रात्री दहानंतर पाणीसुद्धा नाही.

कळावे, लोभ नसावा.

आपली अत्यंत ऋणी,
फायनल इन्स्पेक्शन, टेबल क्रमांक चार

ता. क. : गहूराव, एवढी ओळ आपल्यासाठी नाही, जे आपल्या खांद्यावरून वाचताहेत त्यांच्यासाठी आहे. पोट वर्षानुवर्षं बिघडलेलं असेल, लोहाच्या गोळ्या लागू पडत नसतील आणि चपातीवर संशय असेल, तर तपासणी होईपर्यंत चपाती सोडू नका. मी सोडली होती. मला आणखी सात आठवडे लागले.